प्रिसिजन की जॅझ?

बेस गिटार घ्यायची ठरली, की ब्रँड, रंग आणि किमतींच्या गर्दीतून वाट काढत माणूस शेवटी दोन आकारांपाशी येऊन उभा राहतो. एक फेंडरचा प्रिसिजन बेस आणि दुसरा फेंडरचाच जॅझ बेस. वाजवणारे त्यांना पी-बेस आणि जे-बेस म्हणतात. फेंडरचा घ्या, त्यांच्याच स्क्वायर या स्वस्त मालिकेतला घ्या, किंवा दुसऱ्या एखाद्या कंपनीचा घ्या. बाजारातल्या चार तारांच्या बऱ्याच बेसची रचना या दोघांपैकी एकावरून उचललेली असते, नाहीतर दोघांची सरमिसळ असते. त्यामुळे या जोडीतला फरक एकदा नीट समजला, की दुकानातल्या बाकीच्या वाद्यांकडेही जाणत्या नजरेनं बघता येतं.

आधी थोडा इतिहास, कारण दोन्ही वाद्यांच्या अंगावरच्या बहुतेक गोष्टी त्यातून आल्या आहेत. १९५० पर्यंत खालचे सूर सांभाळायचं काम उभ्या डबल बेसकडे होतं. माणसापेक्षा उंच, गाडीत न मावणारं आणि ड्रम्स व इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजात बुडून जाणारं वाद्य. शिवाय त्याला पडदे नसतात, त्यामुळे सूर बरोबर लागणं सर्वस्वी वाजवणाऱ्याच्या कानावर. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. स्वतः गिटार वाजवत नसत, पण वाजवणाऱ्यांच्या तक्रारी फार लक्ष देऊन ऐकत. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथल्या त्यांच्या कारखान्यातून प्रिसिजन बेस बाहेर पडला. भरीव लाकडी अंग, ३४ इंची तार, गळ्यात अडकवता येईल असा, आणि मानेवर पडदे, म्हणजे फ्रेट, असल्यामुळे बोट ठेवलं की सूर नेमका. नावही त्या नेमकेपणावरूनच पडलं. १९५७ मध्ये त्याचा पिकअप बदलला आणि आज आपण पी-बेस म्हणून ओळखतो ते रूप पक्कं झालं.

जॅझ बेस १९६० चा. फेंडरला वरच्या किमतीतलं, जास्त सफाईदार मॉडेल हवं होतं. मान निमुळती केली, कंबर तिरकी केली, एकाच्या जागी दोन पिकअप बसवले. जॅझ वाजवणाऱ्यांनी तो घ्यावा ही अपेक्षा, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात लेड झेपेलिनचे जॉन पॉल जोन्स आणि रशचे गेडी ली यांनी त्यावर कडकडीत रॉक वाजवलं. उलट ज्याला लोक संथ, जाड आवाजाचा समजतात त्या प्रिसिजनवर आयर्न मेडनचे स्टीव्ह हॅरिस घोडदौड करत आले आहेत. म्हणून ‘मी अमुक प्रकारचं संगीत वाजवतो, मला कुठला चालेल?’ या प्रश्नातून फारसं हाती लागत नाही. पिकअप कुठे आहे आणि मान कशी आहे, हे विचारलं की उत्तरं मिळू लागतात.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली, की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांमध्ये इवलासा विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो ॲम्पमध्ये जातो. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: पिकअपला फक्त त्याच्या डोक्यावरचा तारेचा तुकडा ऐकू येतो. बाकीची तार काय करते आहे, हे त्याला कळत नाही.

आता तार काय करते ते बघू. बेसच्या तारा जाडीच्या क्रमानं ई, ए, डी, जी. मोकळी ई सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते, मोकळी जी ९८ वेळा. पण तार नुसती अखंड हलत नाही. त्याच वेळी ती दोन भागांत हलते, तीन भागांत हलते, चार, पाच, आणखी बारीक भागांत हलते, आणि त्या प्रत्येकाचा एक वरचा सूर मूळ सुरात मिसळलेला असतो. तानपुऱ्याच्या खरजाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो तो यातलाच, पाच भागांतल्या कंपनाचा. मूळ सूर किती आणि हे वरचे सूर किती, या प्रमाणालाच आपण वाद्याचा आवाज म्हणतो. ब्रिजपाशी तार बांधलेली असते, तिथे तिला हलायला जागाच नसते. त्यामुळे ब्रिजजवळ मूळ सुराची हालचाल अगदी थोडी आणि वरच्या सुरांचा वाटा मोठा. जसजसं मानेकडे सरकावं, तसतसा मूळ सूर भरत जातो.

हे पटवून घ्यायला ॲम्पही लागत नाही. कुठलाही बेस मांडीवर घ्या. मान संपते तिथे तार छेडा, मग तीच तार ब्रिजपासून चार बोटांवर छेडा. पहिला आवाज गोल आणि पसरट येतो, दुसरा टोकदार आणि कोरडा. इथे बोटाची जागा बदलली. पिकअपची जागा बदलल्यावर फरक पडतो तो याच जातीचा.

प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत कापलेला आहे. एक तुकडा ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली, आणि दोन्ही एका रेषेत नसून पायरीसारखे मागेपुढे. पण प्रत्येक तारेला एकच कान आहे, आणि तो साधारण मान व ब्रिज यांच्या मधल्या पट्ट्यात. त्यामुळे आवाजही एकच: खाली भक्कम, मधल्या पट्टीत भरीव, किंचित गुरगुरणारा. एक व्हॉल्यूम, एक टोन, बस. टोनचा नॉब मिटवला, की कपॅसिटरमधून वरचे सूर जमिनीत जातात आणि जवळजवळ डबल बेससारखा मऊ, मोठा आवाज उरतो. उघडला, की फ्रेटवर आपटणाऱ्या तारेची करकर ऐकू येते.

जॅझ बेसला दोन पूर्ण पिकअप. पुढचा जवळपास प्रिसिजनच्याच पट्ट्यात, मागचा ब्रिजकडे. दोघांचे स्वतंत्र व्हॉल्यूम आणि सामाईक टोन असे तीन नॉब. पुढचा एकटा वाजवला तर गोल पण प्रिसिजनपेक्षा थोडा सडपातळ आवाज येतो. मागचा एकटा वाजवला तर नाकातला, बोलका, प्रत्येक बोट वेगळं दाखवणारा.

दोन्ही पूर्ण उघडले की खरी गंमत होते. काही वरचे सूर असे असतात, की एका पिकअपवर तार वर जात असते त्याच क्षणी दुसऱ्यावर ती खाली येत असते. असे सूर एकमेकांना खोडतात. नेमके कुठले सूर खोडले जातात हे तार आणि फ्रेटनुसार बदलतं, पण एकूण परिणाम असा, की मधल्या पट्टीत खोलगट जागा तयार होते आणि वरची चकाकी व खालचा दणका उठून दिसतात. अंगठ्यानं तार ठोकायच्या स्लॅप पद्धतीला हा आवाज फार शोभतो. मार्कस मिलर यांचा १९७७ चा जॅझ बेस या आवाजाची ओळखच बनून गेला. आता एकच नॉब अगदी थोडा मागे घ्या, दहावरून आठवर. खोडाखोड कमी होते आणि मधली पट्टी परत भरून येते. जॅझ बेसवर निम्मी कला या दोन नॉबमध्ये आहे. दुकानात तो हातात घेऊन दोन्ही नॉब टोकाला ठेवून दोन मिनिटं वाजवणाऱ्याला तो बेस समजलेलाच नसतो.

जॅझ बेसचा एकटा मागचा पिकअप जाको पास्टोरियस यांनी जगाला ऐकवला. १९६२ चा जॅझ बेस, त्याचे फ्रेट उपटून काढलेले, खाचा बुजवलेल्या आणि मानेवर बोटीला लावतात तसल्या एपॉक्सीचा कडक थर. १९७६ चा त्यांचा पहिला अल्बम आणि वेदर रिपोर्ट या बँडबरोबरचं ‘हेवी वेदर’ ऐकलं, की बेस गाऊ शकतो म्हणजे काय ते कळतं. त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे जेम्स जेमर्सन. डेट्रॉइटच्या एका तळघरातल्या स्टुडिओत, १९६२ च्याच प्रिसिजनवर, चपट्या वेढ्यांच्या जाड तारा लावून, उजव्या हाताच्या एकाच बोटानं त्यांनी साठच्या दशकातलं अमेरिकन लोकप्रिय संगीत पेलून धरलं. दोघांचे बेस एकाच कारखान्यातले, एकाच वर्षाचे. जेमर्सनला ऐकताना बेस वेगळा काढून ऐकावा लागत नाही, तो सगळ्या गाण्याच्या पोटात असतो. जाकोंचा बेस गाण्याच्या समोर येऊन उभा राहतो. प्रिसिजन आणि जॅझ यांचा स्वभाव सांगायला मला याहून चांगली जोडी सापडत नाही.

आता एक अगदी व्यवहारातली गोष्ट, जिच्याकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यायला हवं. वेढ्यांचा पिकअप तारेबरोबरच हवेतलं विजेचं गुंजनही पकडतो. भारतात वीज ५० हर्ट्झची. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी लागतो तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे घरातल्या विजेची घूं आपल्या सर्वांत कामाच्या सुराला जवळजवळ चिकटून बसते, आणि तिचे वरचे सूर आणखी त्रास देतात. प्रिसिजनच्या पिकअपचे दोन तुकडे केले त्याचा इथे मोठा फायदा होतो. दोन्ही तुकड्यांचे वेढे उलट दिशांचे आणि चुंबकही उलटे. बाहेरून आलेली घूं दोन्हींत उलटसुलट पडते आणि मिटते. तारेचा आवाज मात्र शाबूत राहतो. जॅझ बेसमध्ये हीच किमया दोन पिकअप मिळून करतात, पण दोन्ही सारख्या व्हॉल्यूमवर असतील तेव्हाच. एकटा मागचा पिकअप उघडला, की घूं सुरू. जुन्या इमारतीत, जिथे अर्थिंगचा पत्ता नाही, किंवा गणेशोत्सवाच्या मंडपात, जिथे जनरेटर, लाइटचे डिमर आणि तुमचा ॲम्प एकाच वायरीवर आहेत, तिथे हा फरक फार जाणवतो. वर्षभर अशाच ठिकाणी वाजवणार असाल तर ही बाब मी आवाजाच्या गोडीइतकीच महत्त्वाची धरीन.

मान हा दुसरा मोठा मुद्दा, आणि त्याबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. जॅझची मान नटपाशी, म्हणजे डोक्याकडच्या टोकाला, ३८ मिलिमीटर रुंद. प्रिसिजनची मॉडेलप्रमाणे ४१ ते ४४. त्यामुळे हात लहान असेल तर जॅझ घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण फ्रेटमधलं अंतर दोन्हींवर एकसारखंच आहे, कारण तारेची लांबी दोन्हींची ३४ इंच. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत सुमारे १३ सेंटिमीटर. बोटं फाकवून तेवढं अंतर गाठणं जर कठीण जात असेल, तर ते दोन्हींवर तितकंच कठीण जाणार. त्यावर उपाय वाद्यात शोधू नका, बोटांच्या मांडणीत आहे: खालच्या फ्रेटवर चार बोटं चार फ्रेटला ताणण्याऐवजी डबल बेसवाल्यांसारखी पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरून तीन फ्रेट सांभाळायचे आणि हात सरकवायचा. दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी घेत असाल तर ३० इंची छोटा बेस बघा. फेंडरचा मस्टँग १९६६ पासून याच लांबीचा आहे.

मग रुंदीनं फरक कुठे पडतो? तारेवरून तारेवर जाताना, आणि तेही पहिल्या चार-पाच फ्रेटपर्यंत. जॅझवर तारा तिथे जवळ येतात, त्यामुळे चपळ, उड्या मारणाऱ्या ओळी कमी श्रमात निघतात. प्रिसिजनवर प्रत्येक तारेला ऐसपैस जागा, त्यामुळे जाड बोटांच्या माणसाची शेजारची तार चुकून दबत नाही. वर चढत गेलं की दोन्ही माना सारख्याच वाटू लागतात. जाडीही बघायची: काही माना पाठीमागे सपाट असतात, काही मुठीत भरतात. तळहाताच्या रुंदीवरून याचा अंदाज येत नाही, वाजवूनच बघावं लागतं. आणि ते उभं राहून, पट्टा गळ्यात घालून. साधारण चार किलोचं ओझं डाव्या खांद्यावर तीन तास राहणार आहे. काही बेसचं डोकं जड असतं, हात सोडला की मान जमिनीकडे झुकते आणि डावा हात सूर लावण्याऐवजी मान तोलत बसतो. असा बेस कितीही गोड वाजला तरी मी घेणार नाही.

लाकडावर बोलणारे तासन् तास बोलतात. माझं स्पष्ट मत असं, की अंगाचं लाकूड कुठलं यापेक्षा तारा कुठल्या आणि किती जुन्या याचा आवाजावर कितीतरी जास्त परिणाम होतो. मात्र मानेवरच्या पट्टीच्या लाकडाची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या जंगलापर्यंत येते. फेंडरच्या गडद पट्ट्या वर्षानुवर्षं शिसवीच्या असत आणि त्यातली बरीच शिसवी भारतातली. २०१७ मध्ये शिसवीच्या कुळातल्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण तोवर कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली होती. आज स्क्वायरच्या अनेक बेसच्या माहितीत ‘इंडियन लॉरेल’ असं लिहिलेलं दिसतं. ते म्हणजे सह्याद्रीत जागोजागी उभा असलेला आपला ऐन. शिसवी नाही म्हणून कमअस्सल समजून ते वाद्य बाजूला ठेवू नका. ऐन टणक असतो आणि बोटाखाली चांगला लागतो.

दुकानात गेल्यावर पहिली दहा मिनिटं ॲम्पला हात लावू नका. मानेच्या कडेवरून बोट फिरवा. फ्रेटची टोकं टोचत असतील तर लाकूड सुकून आखडलं आहे किंवा कामात हयगय झाली आहे. ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा, तीच तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. जाड कागद सरकेल एवढी फट हवी. अजिबात नसेल किंवा फार असेल, तर मानेच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवून ते ठीक होतं. दुकानदाराला समोरच करायला सांगा. सळई फिरत नसेल तर ते वाद्य तिथेच राहू द्या.

मग जी तार घ्या आणि पाचव्या, सहाव्या, सातव्या फ्रेटवर एकेक सूर लावून सोडून द्या. या जातीच्या बेसमध्ये इथे कुठेतरी एखादा सूर बाकीच्यांपेक्षा लवकर विझतो. तारेचं कंपन मानेच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतं आणि मान ती शक्ती पिऊन टाकते. वाजवणारे याला डेड स्पॉट म्हणतात. महागातल्या महाग फेंडरमध्येही तो सापडतो, त्यामुळे तो असणं हा दोष मानू नका. पण एकाच मॉडेलचे दोन बेस समोर असतील तर ज्याचा तो सूर जास्त वेळ टिकतो तो उचला. हे तपासायला एक मिनिटही लागत नाही, आणि वेबसाइटवरून मागवताना नेमकं हेच तपासता येत नाही.

आता ॲम्प. बेसचाच हवा, गिटारचा नको. ॲम्पवरचे सगळे नॉब मध्यावर, बेसवरचे सगळे पूर्ण उघडे. दोन्ही बेसवर एकच ओळ वाजवा, तुम्हाला झोपेतही येईल अशी, पहिल्या पाच फ्रेटमधली. कसब दाखवायला दुकानात जायचं नसतं. एका बेसवर नव्या चकचकीत तारा आणि दुसऱ्यावर दुकानात वर्षभर लटकलेल्या गंजक्या तारा असतील, तर नव्या तारांचा बेस नेहमीच जास्त छान वाटेल. त्या वेळी तुलना तारांची होते आहे, हे ओळखा. शक्य असेल तर दोघांवर एकाच प्रकारच्या तारा लावायला सांगा, निदान मनात तेवढी वजावट करा.

यानंतर बेस सोबत आलेल्या मित्राच्या हातात द्या आणि तुम्ही दहा पावलं लांब उभे राहा. मोबाइलवर तुमच्या बँडचं गाणं लावा आणि त्यावर मित्राला वाजवू द्या. हा भाग बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते हाच सर्वांत मोलाचा. एकट्यानं, ॲम्पसमोर बसून वाजवताना जॅझ बेस जवळजवळ नेहमीच जिंकतो. त्याची चकाकी कानाला सुखावते, नॉब फिरवले की नवे रंग दिसतात. पण बेस एकटा कधी ऐकला जातो? आपल्याकडच्या ऑर्केस्ट्राचा विचार करा. कीबोर्डवाल्याचा डावा हात खाली फिरतो आहे, ढोलकीचा धुम्मा घुमतो आहे, ऑक्टोपॅड ठोकतो आहे, वर लीड गिटार. या गर्दीत दोन्ही पिकअप पूर्ण उघडलेल्या जॅझ बेसची ती खोलगट मधली पट्टी नेमकी गायब होते. खाली नुसतं घुमणं उरतं आणि वर टिकटिक. प्रिसिजन, जो दुकानात थोडा साधा, थोडा ओबडधोबड वाटला होता, तो या गर्दीत स्वतःची जागा धरून बसतो, कारण त्याचा सगळा भर त्या मधल्या पट्टीतच असतो.

मोबाइलवर ऐकणाऱ्याचंही तेच. फोनच्या इवल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडूच शकत नाही. तरी आपल्याला बेसची ओळ कळते, कारण ८२, १२३, १६४ अशी वरच्या सुरांची रांग ऐकून मेंदू खालचा मूळ सूर स्वतःच भरून घेतो. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणारे टोनी वाझ किंवा ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवणारे कीथ पीटर्स यांच्या ओळी एकदा चांगल्या हेडफोनवर ऐका आणि मग फोनच्या स्पीकरवर. बेसचं जे फोनवरही टिकून राहतं, तेच श्रोत्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं.

म्हणून जॅझ बेस कमी आहे असं मुळीच नाही. तीनच जणांचा बँड असेल, मध्ये मोकळी जागा भरपूर असेल, स्लॅप वाजवायचं असेल, बेसनं गायलेलं ऐकवायचं असेल, किंवा घरी बसून वेगवेगळ्या लोकांसाठी रेकॉर्डिंग करायचं असेल, तर त्याच्या रंगपेटीला तोड नाही. अट एवढीच, की त्या दोन नॉबवर सतत हात आणि कान हवा. गाण्यागणिक आवाज बदलायला ज्याला आवडतं त्याच्या हाती जॅझ फुलतो. आवाज एकदा लावला की विसरून जावं आणि फक्त ड्रमरकडे लक्ष द्यावं, असा ज्याचा पिंड आहे त्याच्यासाठी प्रिसिजन.

दोन्ही हवं असं वाटणाऱ्यांसाठी पी-जे नावाची जोडगोळीही मिळते: पुढे प्रिसिजनचा कापलेला पिकअप, मागे जॅझचा. ऐकायला हा सगळ्या प्रश्नांचा निकाल वाटतो. पण दोन्ही उघडले की प्रिसिजनचा जाडपणा तीच खोडाखोड होऊन पातळ होतो, आणि मागचा पिकअप नेहमीच्या एकेरी वेढ्यांचा असेल तर घूंही परत येते. बरेच पी-जे वाजवणारे शेवटी मागचा पिकअप बंद ठेवूनच वाजवतात. पर्याय म्हणून वाईट नाही, एवढंच म्हणेन.

पैशांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत कोरोना इथे बनलेला फेंडर, मेक्सिकोत एन्सेनाडा इथे बनलेला फेंडर आणि आशियात बनलेला स्क्वायर यांच्या किमतींत मोठी दरी आहे, आवाजात तेवढी नाही. पिकअपची जागा आणि तारेची लांबी तिन्हींमध्ये तीच असते. महागात मिळते ती कामातली सफाई, चांगल्या चाव्या, न कुरकुरणारे नॉब. पहिला बेस घेताना सगळी रक्कम वाद्यात घालू नका. थोडी मागे ठेवून जाणकाराकडून सेटअप करून घ्या, मनासारख्या तारा लावा आणि चांगला पट्टा घ्या. नीट सेटअप केलेला स्वस्त बेस हा तसाच खोक्यातून काढलेल्या महाग बेसपेक्षा सुरात आणि सुखात वाजतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळा सुरू झाल्यावर आणि संपल्यावर मानेची फट पुन्हा बघावी. दमट हवेत लाकूड हलतं आणि काल स्वच्छ वाजणारी तार आज फ्रेटवर खरखरू लागते. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसायच्या, खाऱ्या हवेत त्या फार लवकर मरतात.

आता निकाल मागाल तर देतो. पहिला बेस असेल, बँडमध्ये किंवा ऑर्केस्ट्रात वाजवायचा असेल आणि दोन्ही माना हाताला सारख्याच बऱ्या वाटत असतील, तर प्रिसिजन घ्या. त्यावर आवाज नॉबनं फारसा बदलता येत नाही, म्हणून तो बोटांनी बदलायला शिकावं लागतं: कुठे छेडायचं, किती जोरानं, सूर कधी तोडायचा. ते शिकलेल्या माणसाच्या हातात पुढे जॅझही चांगला वाजतो. पण जॅझची मान हातात घेताच बोटं आपोआप पळू लागली असतील, तर माझं ऐकू नका, तो घ्या. जो बेस रोज हातात घ्यावासा वाटतो त्यावरच रियाज होतो. आणि दुकानात जाताना तुमच्या ड्रमरला बरोबर न्या. तुमच्या बेसबरोबर पुढची कित्येक वर्षं त्यालाच वाजवायचं आहे, आणि कुठल्या बेसच्या वेळी त्याचा पाय नकळत ठेका धरू लागला, हे त्याला तुमच्याआधी कळेल.